शून्य अँपियरचं घर

गुरुदत्त सबनीसांचं कलकत्त्यावर जे काही प्रेम होतं, ते छताच्या पंख्याखाली होतं. १९५३ साली नागपूरहून बदली होऊन ते गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आले. सुट्टीच्या दुपारी बागबाजारातल्या भाड्याच्या माडीवर आडवे झाले, की तो पंखा त्यांना अलगद उचलून गंगेवरच्या एखाद्या ढगावर ठेवून येई.

खाली घरमालक भादुडीबाबू राहत. रोज संध्याकाळी घराचा फ्यूज उडे आणि रोज ते जिन्यात येऊन म्हणत, "शोबनीशबाबू, तुम्हारा पंखा बहुत करंट खाता है. रविवार को काट देगा!"

सबनीसांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी ओळखीच्या फोरमनकडून चिमटा-मीटर मागून आणलं. तारेभोवती नुसता चिमटा धरायचा, की तिच्यातून किती वीज वाहते ते काटा सांगतो.

रविवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी माडीवर पंखा, दिवे, इस्त्री सगळं लावलं. सबनीसांनी जिन्याखाली सगळ्या घराच्या मेनच्या दोन्ही तारा मोठ्या मायेनं एकत्र चिमट्यात धरल्या. काटा शून्यावर.

"अगं, आणखी काहीतरी लाव!"

"आता मीच राहिलेय. मला लावू प्लगला?"

काटा ढिम्म. सबनीस तरंगू लागले. "भादुडीबाबू, यह घर बिजली से चलता ही नहीं."

भादुडीबाबूंनी चष्मा पुसून काटा पाहिला. भरल्या डोळ्यांनी त्यांनी आभाळाकडे हात जोडले. "बाबा का आशीर्वाद!"

पाच मिनिटांत गल्ली जमली. कुणी शंख फुंकला, कुणी मेनबोर्डाला झेंडूची माळ घातली.

मंदाकिनीबाई खाली आल्या. "अहो, दोन्ही तारा एकदम कशाला धरल्यात? एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. फिटंफाट! ट्रामवर दहा चढले, दहा उतरले, म्हणजे ट्राममध्ये कुणी बसलंच नाही का?"

"हळू बोल. पंखा वाचलाय."

"असल्या खोट्यावर? मला नाही त्याखाली झोप यायची."

सबनीसांनी उसासा टाकून एकच तार धरली. काटा नवावर गेला.

"देखा? पंखा!" भादुडीबाबू कडाडले.

मंदाकिनीबाईंनी वर जाऊन सगळं बंद केलं. माडी अंधारली. काटा सातावर आला आणि तिथंच बसला.

"अहो," त्या जिन्यातून हळूच म्हणाल्या, "भादुडीबाबूंच्या न्हाणीघरातून वाफ येतेय बघा. विजेवर पाणी तापतंय."

भर जानेवारीतसुद्धा आपण थंड पाण्यानंच आंघोळ करतो, असं भादुडीबाबूंनी तीस वर्षं गल्लीला ऐकवलं होतं. त्यांनी सबनीसांच्या हातातला चिमटा अदबीनं घेतला, दोन्ही तारांभोवती लावला आणि गर्दीकडे वळले.

"शून्य! सब लोग ऊपर चलिए. आशीर्वाद का हवा खाइए!"

पंखा पुन्हा सुरू झाला. त्याच्याखाली सतरा माणसं डोळे मिटून बसली. सबनीसांना जिन्यात जागा मिळाली.