सतरा मीटरवरचे सासरे

"मामांचा फोटो मीच काढणार! आणि असा काढणार, की कुडाळात लोक खास तो बघायला घरी येतील!"

धनंजय केळुसकरने ही घोषणा शनिवारच्या जेवणावर केली. हातात सुरमईचा काटा काढलेला तुकडा होता. तो त्याने बोलता बोलता असा उगारला, की शेजारी बसलेली सान्वी ताटासकट बाजूला सरकली. रुपालीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हा आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता. याच आवाजात त्याने बाल्कनीत कोथिंबीर पिकवायची घोषणा केली होती आणि याच आवाजात घरच्या घरी सोफ्याची कव्हरं शिवायची!

प्रकरण असं होतं. रुपालीचे वडील वसंतराव शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एक्केचाळीस वर्षं लेथ मशीन चालवून आता कायमचे कुडाळला परत निघाले होते. तिकडे सुलभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नव्या घराच्या हॉलमधली समोरची भिंत मोकळी ठेवली होती. तिथे नवऱ्याचा फोटो लागायचा होता. मोठा, उभा आणि हसरा!

"माझ्याकडे ह्यांचे जेवढे फोटो आहेत ना, ते सगळे व्हिसाचे," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "पांढरी भिंत, दोन कान आणि चेहरा असा, की चोरी करताना सापडलेत! सुट्टीला आले की कॅमेरा ह्यांच्याच हातात. गळ्याखाली हे मला फोटोत कधी दिसलेलेच नाहीत हो, धनंजयराव! मला पायातल्या चपलांपर्यंत अख्खा माणूस हवा. आणि हसणारा हवा. इकडे आले की माणसं भेटायला येतील आणि हे पुन्हा तोंड मिटून बसतील. तेव्हा विमानात बसायच्या आधी काढा."

हे ऐकून रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. धनंजयच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण पाण्याच्या मागोमाग लगेच कॅमेरा आला. गेली तीन वर्षं त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. अबुधाबीबाहेरच्या पाणथळ जागी दर हिवाळ्यात फ्लेमिंगो जमत आणि हा फोनमधून त्यांचे गुलाबी ठिपके घेऊन घरी येई. आता अनायासे कारण मिळालं होतं.

"मिररलेस घेऊ! एकच कॅमेरा, एकच लेन्स! फ्लेमिंगोपण आणि मामापण!"

"बाबा आणि फ्लेमिंगो एकाच लेन्समध्ये?" रुपालीने विचारलं.

"स्पेसिफिकेशन नीट लिहिलं की सगळं बसतं!"

धनंजय अबुधाबीच्या मुसफ्फा भागातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होता. तीन कोटेशनं आल्याशिवाय आणि प्रत्येक अटीपुढे 'कम्प्लाइड' किंवा 'नॉट कम्प्लाइड' लिहिल्याशिवाय त्याच्या आयुष्यात कुठलीही वस्तू शिरत नसे. घरातला मिक्सरसुद्धा टेंडर काढूनच आला होता. कॅमेऱ्यासाठी त्याने सत्तेचाळीस ओळींचा तक्ता केला, त्यात तीन रंग भरले आणि ऑफिसच्या प्रिंटरवर तो मोठ्या कागदावर छापून घेतला.

दुकानात गाठ पडली शहरबानूशी. हैदराबादची बाई, बारा वर्षं लेन्स विकत होती. तिने तक्ता आदराने उलगडला, काउंटर पुरला नाही म्हणून अर्धा परत घडी केला आणि म्हणाली, "सर, वाइल्डलाइफ अलग, पोर्ट्रेट अलग. चिड़ियों के लिए ये दो सौ-छह सौ लीजिए. पोर्ट्रेट के लिए ये छोटी, पचासी वाली. ससुरजी एकदम हीरो लगेंगे."

"मेरे स्कोप में एकही लेन्स है," धनंजय म्हणाला. "ये बड़ी वाली से पोर्ट्रेट आता है के नहीं?"

"आता तो है सर..."

"खलास! कम्प्लाइड!"

"...मगर आदमी को थोड़ा दूर खड़ा करना पड़ेगा."

"कितना दूर?"

"काफी."

'अंतर' असा रकानाच तक्त्यात नव्हता. त्यामुळे ते कुठे लिहिलं गेलं नाही.

मग बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, निवडायची होती. मोठ्या सेन्सरवर माणसं छान येतात, छोट्या सेन्सरवर लांबचा पक्षी दीडपट जवळ दिसतो. धनंजयने क्षणाचाही विलंब न लावता छोटा घेतला. "ससुरजी भी डेढ़ गुना पास आ जाएंगे, सर," एवढंच बोलून शहरबानूने बिल केलं. अकरा हजार दिरहम! "म्हणजे आपले..." असं म्हणत धनंजयने सवयीने मोठ्याने रुपये करायला सुरुवात केली आणि शेजारी उभ्या रुपालीचा चेहरा पाहून मध्येच सोडून दिली.

पुढच्या गुरुवारी वसंतराव शारजाहून मोहम्मद बिन झायद सिटीत लेकीकडे आले. दोन बॅगा, एक जाडजूड ब्लँकेट आणि गावी न्यायचा पान्यांचा संच. विमान रविवारी सकाळी होतं. फोटोचा मुहूर्त शनिवारी दुपारी चारचा ठरला.

शनिवारी सकाळी धनंजय सरावासाठी फ्लेमिंगोंकडे जाऊन आला. या कॅमेऱ्याला आधी सांगून ठेवायचं असतं, माणूस शोध, प्राणी शोध की पक्षी शोध. मग तो पठ्ठ्या स्वतःच त्याचा डोळा हुडकून पकडतो. धनंजयने पक्षी लावला आणि खरंच, एकेका फ्लेमिंगोचा पिवळा डोळा असा टिपला की बघत राहावं! घरी येऊन त्याने सासऱ्यांना चारशे फ्लेमिंगो दाखवले. वसंतरावांनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे खातात का?"

चार वाजता हॉलमध्ये काम सुरू झालं. वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून समोर उभे राहिले. धनंजयने भिंतीला पाठ टेकवून कॅमेरा डोळ्याला लावला. आत एक मिशी दिसली. तो भिंतीत जमेल तेवढा घुसला. मिशीला नाक आणि भुवया मिळाल्या, पण कान काही बसेनात.

"कान दिसायलाच हवेत हां, जावईबापू," वसंतरावांनी बजावलं. "नाहीतर परत काढावा लागतो."

"मामा, हा व्हिसाचा फोटो नाही!"

"फोटो तो फोटो."

धनंजयने कॅल्क्युलेटर काढला. लेन्स, सेन्सर, सासऱ्यांची उंची, अधिक चपला. उत्तर आलं सतरा मीटर! फ्लॅटची सगळी दारं उघडली आणि स्वतः मोरीत उभं राहिलं, तरी अकराच भरत होते. दुसरा कुणी असता तर इथे शहरबानूला फोन करून पचासी मागवली असती. धनंजय म्हणाला, "यल्ला! गार्डनमध्ये!"

जवळच्या गार्डनमध्ये त्याने साइटवरच्या लेझर मीटरने मोजून सासऱ्यांना कडुलिंबाखाली उभं केलं. बरोबर सतरा! रुपाली त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिली. तिच्या फोनवर व्हिडिओ कॉलवर सुलभाताई होत्या. त्यांना स्वतः देखरेख करायची होती. सतरा मीटरवरून आवाज नीट पोहोचेना, म्हणून दहा वर्षांच्या सान्वीला मधोमध उभं केलं, निरोप पोचवायला.

"त्यांना सांग, हसा!"

"आजोबा, स्माइल!"

वसंतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हनुवटी वर केली, ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखून धरला.

"अहो, दात दाखवा, दात!" फोनमधून सुलभाताई ओरडल्या.

"दात चालत नाहीत!" वसंतराव ओठ न हलवता म्हणाले. "एकदा दिसले होते तर स्टुडिओवाल्याने दुसऱ्यांदा काढायला लावला."

"Papa, he says teeth not allowed!"

"त्यांना म्हण, नियम बदलला! आता दात कंपलसरी आहेत!"

नियम म्हटल्यावर वसंतराव लगेच तयार झाले. त्यांनी दात दाखवले, वरचे आणि खालचे, अगदी दाढांच्या डॉक्टरला दाखवतात तसे. सुलभाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण धनंजय मागे हटणारा नव्हता. उद्या सकाळी विमान होतं, भिंत मोकळी होती आणि त्याने शब्द दिला होता! तो गवतावर आडवा पडून, गुडघ्यावर बसून, कठड्यावर चढून फोटो काढत सुटला. मिररलेसचा आवाजही होत नव्हता. तीनशे बारा फोटो झाले आणि खांद्यावर हात पडला.

गार्डनचा सिक्युरिटी गार्ड होता. छातीवर नाव होतं अन्वर.

"भाई साहब, किसका फोटो ले रहे हो? उधर फैमिली बैठी है."

कडुलिंबापलीकडे खरोखरच एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं. धनंजयने कॅमेरा झटकन खाली घेतला. या देशात परक्या बायकामुलांचा न विचारता फोटो काढणं ही थट्टा नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नहीं नहीं! मैं मेरे ससुर का फोटो ले रहा है!"

"ससुर कहाँ है?"

"वो उधर."

अन्वरने लांबवर पाहिलं. एक म्हातारा झाडाखाली ताठ उभा राहून दात विचकत होता. अन्वरने पुन्हा लेन्सकडे पाहिलं.

"उनको मालूम है?"

चौकशीसाठी तो सतरा मीटर चालत गेला. युनिफॉर्म येताना दिसताच वसंतरावांचे दात आपोआप मिटले, हात खिशात गेला आणि आयडी कार्ड बाहेर आलं.

"चाचा, वो आदमी उधर क्या कर रहा है?"

"सच बोलूँ?" वसंतराव कंटाळून म्हणाले. "मेरेकू भी एक घंटे से नहीं मालूम!"

झालं! अन्वर त्यांना घेऊन परत आला. पाठोपाठ रुपाली, रुपालीच्या हातात सुलभाताई, आणि "Papa, are you getting arrested?" असं विचारत सान्वी. अन्वरने फर्मावलं, "फोटो दिखाओ!"

धनंजयने पहिला फोटो उघडला. अन्वर वाकला. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, पंधरावा पाहिला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे हबीबी! तो आप मैना का फोटो ले रहे थे! पहले बोलते ना!"

धनंजयने कॅमेरा स्वतःकडे वळवला. सकाळचा 'पक्षी शोध' तसाच राहिला होता! वसंतरावांच्या पायामागे गवतात साळुंक्या चरत होत्या आणि कॅमेऱ्याने इमानदारीत तीनशे बारा वेळा साळुंकीचा डोळा पकडला होता. पीस अन् पीस स्वच्छ! एका फोटोत तर चोचीतला किडासुद्धा ओळखू येत होता. आणि पुढे सगळ्या फोटोंत एक धुरकट तपकिरी काहीतरी, तांदळाचं पोतं उभं करून ठेवल्यासारखं.

"बघू," वसंतराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. पोतं पाहिलं, साळुंकी पाहिली, पुढचं पोतं पाहिलं. "आणि तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणत होता ते... दात दाखवा... ते हिला?"

आणि वसंतराव हसले! आधी खांदे हलले, मग पोट हललं आणि मग ते असे खदखदून हसायला लागले की साळुंक्या उडाल्या. रुपालीने बापाला असं हसताना लहानपणी सुट्टीतच कधीतरी पाहिलं होतं.

हाच तो फोटो! धनंजयने कॅमेरा डोळ्याला लावला. आत एक हसणारी मिशी!

"हसत राहा, मामा! थांबू नका!" असं ओरडत तो उलट्या पावलांनी पळत सुटला. पाच मीटर! दहा मीटर! बोटाने पक्ष्याचं माणूस करत, तोंडाने "हसा, हसा" करत, सोळाव्या मीटरला त्याचा पाय झाडांना पाणी घालायच्या पाइपात अडकला आणि केळुसकर कॅमेरा आकाशाकडे उंच धरून गवतावर उताणे झाले. कॅमेरा वाचला. बाकी जे काही होतं ते भिजलं.

"अगं, पडला! जावई पडला!" वसंतरावांना आता उभं राहवेना. पोट धरून, पाठ फिरवून, ते चार पावलांवरच्या रुपालीच्या फोनमधल्या बायकोला सांगत होते आणि फोनमधून बायकोही तितक्याच जोरात हसत होती. धनंजय उठून, कॅमेरा पुसून, नेम धरेपर्यंत सगळं ओसरलं होतं. वसंतरावांनी त्याला कॅमेरा रोखलेला पाहिला, चष्मा काढला आणि ओठ मिटले.

रविवारी विमानतळावर त्याने सासऱ्यांच्या पाया पडताना "माफ करा, मामा" म्हटलं. वसंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भिंत रिकामी राहणार म्हणून धनंजयला मनापासून वाईट वाटत होतं.

आठ दिवसांनी कुडाळहून भिंतीचा फोटो आला. भिंत रिकामी नव्हती! तीन फुटी फ्रेममध्ये वसंतराव चपलांसकट उभे होते, पोट धरून, डोळे मिटून, खदखदून हसत. फोटो चाळणीतून काढल्यासारखा फुटलेला होता. वरच्या कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यात हसणाऱ्या सुलभाताई. नातीचे चेहरे साठवायला त्या प्रत्येक व्हिडिओ कॉलला फोनची दोन बटणं एकदम दाबून पडद्याचाच फोटो घ्यायच्या. त्या दिवशीही दाबली होती.

धनंजयने ताबडतोब फोन लावला. "मामी, फाइल पाठवा. मी साफ करून देतो. तो कोपऱ्यातला चौकोन काढून टाकतो, आणि मागे गवतात मी पडलोय, तोही काढतो."

"काही काढायचं नाही!" सुलभाताई म्हणाल्या. "एका फोटोत दोघंही हसतोय, असा हा आमचा पहिलाच."

"आणि मी?" धनंजयने विचारलं.

"तुम्ही पण राहा. येणारा-जाणारा विचारतो ना, मागे आडवा पडलाय तो कोण? मी सांगते, आमचा जावई. अबुधाबीत फोटोग्राफी करतो."