हवेत राहिलेलं वाक्य

मालन चौगुलेनं मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता उच्चारलेलं वाक्य खाली पडलं नाही, विरलंही नाही, ते हवेतच राहिलं. आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यावर तिघांची कपाळं आपटली.

वाक्य तसं साधंच होतं. "पाळण्याचा दोर तुटायला आलाय." बस्स, एवढंच. पाळणा म्हणजे चिवड्याच्या त्या कारखान्यातली माल चढवायची लिफ्ट. एक लोखंडी चौकट, माळ्यावर एक कप्पी आणि तारेचा एक दोर. खालनं शेंगदाण्याची पोती वर जायची, वरनं रिकामी बारदानं खाली यायची. मालननं आदल्या दिवशी मान वर करून पाहिलं, तर दोराच्या तारा सुटून विस्कटलेल्या. पाहिलं ते पाहिलं, वर बोललीही.

त्याचं असं झालं, की कारखान्यात दर मंगळवारी पॅकिंग हॉलमध्ये रांगेत उभं राहून सुरक्षेची शपथ म्हणायचा रिवाज होता. शपथ झाली की मॅनेजर डांगेसाहेब विचारायचे, "कुणाची काही अडचण?" मग अडतीस माणसं एका सुरात म्हणायची, "न्हाई साहेब!" साहेब म्हणायचे, "छान." आणि भट्ट्या पेटायच्या. एकोणीस वर्षं हे चाललं होतं, पण साहेब खरोखर काही विचारतायत असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मालनच्या आलं. आता येतं एखाद्याच्या मनात, काय करणार!

तर ते वाक्य. काळं कुळकुळीत, चांगलं चार हात लांब, वर सळईसारखी सरळ शिरोरेषा. मालनच्या तोंडाच्या उंचीवर, हॉलच्या ऐन वाटेत आडवं पसरलेलं. हात लावला की कोमट लागायचं. ढकललं तर हलायचं नाही. भट्टीवाला बबन पळत पाणी प्यायला निघाला आणि 'तुटायला'च्या उकारात त्याची टोपी अडकून राहिली.

"आयला, कुणी टांगलं हे?" बबन कपाळ चोळत म्हणाला.

"टांगलं न्हाई, बोलले," मालन म्हणाली.

"मग जरा हळू बोलायचं की बाई! लोकांनी जायचं कुठनं?"

सगळ्यांचं म्हणणं हेच पडलं. दोराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाक्य वाटेत आलंय, ही मात्र प्रत्येकाची तक्रार होती. कुणी म्हणालं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, आता बसा वाकून चालत." कुणी म्हणालं, "हात दाखवून अवलक्षण." मालननं सगळं ऐकून घेतलं. पण हिराक्का बोलली, ते तिला लागलं.

हिराक्का पोवार म्हणजे मालनची जिवाभावाची. चौदा वर्षं दोघी शेजारी बसून पाकिटं भरत होत्या, एकमेकींच्या डब्यात हात घालत होत्या. हिराक्का उंचीनं साडेचार फूट, पण जीभ सहा फुटी. ती म्हणाली, "उचलली जीभ आन लावली टाळ्याला! एकोणीस वर्षं तुटला न्हाई तो दोर, आता तुझ्यासाठी तुटतोय व्हय?"

आणि दुपारी सुट्टी झाली तशी ती नेहमीच्या जागी जाऊन बसली. ती जागा कुठली? तर बरोब्बर पाळण्याखाली. माळ्याच्या भोकातनं तिथं गार झुळूक यायची, सबंध हॉलमध्ये तेवढीच एक वाऱ्याची जागा. हिराक्काला दमा. म्हणून सगळ्या बायका तिच्याभोवती गोल करून जेवायला बसायच्या आणि मधोमध हिराक्का. डोक्यावर, वीस फुटांवर, पन्नास किलोचं पोतं लटकत असायचं; कारण सुट्टीचा भोंगा झाला की वरचा गडी पोतं आहे तिथंच सोडून जेवायला जायचा.

मालन डबा घेऊन आली आणि गोलाबाहेर उभी राहिली.

"हिराक्का, तिकडं टेबलापाशी बसूया की गं."

"तिकडं वारा न्हाई."

"मी पुठ्ठ्यानं वारा घालते तुला."

"तू तुझ्या वाक्याला घाल वारा," हिराक्का म्हणाली. बायका हसल्या.

मालन एकटीच टेबलापाशी जाऊन जेवली. हिराक्काचा मिरचीचा खर्डा त्या दिवशी गोलातच फिरला, टेबलापर्यंत आला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा मालनची भाकरी कोरडी गेली. घास तोंडात फिरत होता आणि तिची नजर सारखी त्या पोत्यावर.

कारखान्याची सुरक्षा समिती लगेच कामाला लागली. समिती म्हणजे डांगेसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर फार विश्वास. त्यांनी वाक्याची लांबी मोजली, जमिनीपासूनची उंची मोजली, वाक्याला दोन्ही टोकांनी स्पंज बांधला आणि शेजारी पाटी लावली : 'सावधान! पुढे वाक्य आहे.' बुधवारी सगळ्यांना पिवळी हेल्मेटं मिळाली. एकोणीस वर्षांत कधी मिळाली नव्हती ती एका रात्रीत आली, त्यामुळे लोक वाक्यावर थोडे खूशही झाले. बबन तर हेल्मेट घालून मुद्दाम धडक देऊन बघायचा. टणकन आवाज यायचा.

गुरुवारी अहवाल लागला. 'मंगळवारपासून वाक्यामुळे झालेले अपघात : सात. गेल्या एकोणीस वर्षांत दोरामुळे झालेले अपघात : शून्य. निष्कर्ष : वाक्य धोकादायक असून ते तातडीने हटवावे.'

हटवायला फिटर युनूसभाई आला. त्यानं करवत लावली, करवतीचे दात गेले. पाना लावला, पाना घसरला. शेवटी तो शिरोरेषेला लोंबकळला, पाय दुमडून जमिनीपासून वीतभर वर, आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, माल एक नंबर आहे. कारखान्यातली सगळ्यात मजबूत वस्तू हीच."

"मग आता उपाय?"

"जिनं सोडलं तिनंच आत घ्यायचं. दुसरं काय?"

डांगेसाहेबांनी तसा नियम केला, टाइप करून बोर्डावर लावला आणि शुक्रवारी दुपारी सगळ्यांसमोर मालनला बोलावलं. टेबलावर पाण्याचा तांब्या, शेजारी गुळाचा खडा. "मालनताई," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गिळून टाका. एकदाचं गिळलं की संपलं. कुणाच्या मनात काही राहणार नाही. आजच्या आज परत मैत्रिणींत जाऊन बसा."

आता खरं सांगायचं तर मालनला गिळायचं होतं. तीन दिवस ती एकटी जेवत होती. तीन दिवस हिराक्का तिच्या शेजारी बसून पाकिटं भरत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. असली शांतता मालनला सोसवत नव्हती. खड्ड्यात गेला तो दोर, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं वाक्याच्या शेवटच्या टोकाला तोंड लावलं. 'य' गेला. 'ला' गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'आ' निम्मा आत गेला होता.

तेवढ्यात हिराक्काला खोकल्याची उबळ आली. ती गर्दीतनं मागं सरली, छाती दाबत, वाऱ्यासाठी आपल्या जागी पाळण्याखाली जाऊन टेकली. वर पोतं. मालननं ते पाहिलं.

तिनं तोंडातलं सगळं बाहेर काढलं. अक्षरं खटाखट जागच्या जागी जाऊन बसली.

"जमत न्हाई साहेब," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माफ करा. गिळतच न्हाई."

साहेबांनी घाम पुसला. पण नियमात दुसरीही तरतूद होती, कारण साहेब अर्धवट नियम करत नसत. वाक्य गिळलं गेलं नाही, तर सगळ्यांनी मिळून त्याच्या उलट वाक्य बोलायचं. अडतीस विरुद्ध एक. ते एक आपोआप पडेल. "मी सुरुवात करतो," म्हणून साहेब पुढं आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाळण्याचा दोर भक्कम आहे!"

ते वाक्य तोंडातनं निघालं आणि थेट साहेबांच्या पायावर पडलं. अंगठ्यावरच. साहेब एका पायावर नाचले.

मग बबन म्हणाला, त्याचंही पडलं. एकामागून एक लोक म्हणत गेले आणि वाक्यं धपाधप खाली पडत गेली. जमिनीवर भक्कम-भक्कमचा ढीग लागला. युनूसभाईनं झाडू आणला. मालनचं वाक्य मात्र होतं तिथंच, जराही हललं नाही.

हिराक्काची पाळी आली. ती पाळण्याखालनं उठली, ढिगाला वळसा घालून पुढं आली आणि वाक्याऐवजी मालनसमोर उभी राहिली.

"का गं, गिळत हुतीस की. मग मधीच काय झालं?"

"काय न्हाई."

"बोल की! एवढं सगळ्या गावाला बोललीस, आन मला बोलंना झालीस?"

मालन एकदम रडतच म्हणाली, "तू तितं जाऊन बसलीस न्हवं! तुझ्या टाळक्यावर पोतं हाय, हिराक्का! माझ्याशी नको बोलूस, खर्डा नको देऊस, पर तितं नको बसूस गं!"

हिराक्कानं मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भोकातनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तारा सुटून पिंजारलेल्या दिसत होत्या, कप्पीपाशी तर तीनच तारा धड होत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हिराबाई, बोला," डांगेसाहेब म्हणाले. "दोर भक्कम आहे."

हिराक्का बोलली. "मालन खरं बोलली."

आणि ते तिथंच राहिलं. हिराक्काच्या तोंडाच्या उंचीवर, म्हणजे चारएक फुटांवर, ठळक, गोल गोल अक्षरांत. मालननं तोंडावर हात ठेवला. मग ती रडता रडता हसायला लागली, ते काही थांबेना.

पुढं काय विचारता! बबननं हेल्मेट काढून टेबलावर आपटलं आणि ओरडला, "दोर तुटायला आलाय!" ते अडकलं थेट भट्टीच्या दारात. मग पॅकिंगवाल्या बायका सुटल्या. एकोणीस वर्षांचं साठलेलं, ते काय एका दमात संपतंय! कुणी टेबलावर चढून बोललं, कुणी जिन्यावरनं. दोर तुटायला आलाय, दोर तुटायला आलाय, उभं, आडवं, तिरकं. दहा मिनिटांत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका वाक्यांच्या मधनं वाट काढत एकमेकींना टाळ्या देत होत्या. डांगेसाहेब दोन वाक्यांच्या मध्ये अडकले होते, आणि तिथनंच त्यांनी मालकांना फोन लावला. "साहेब, उत्पादन बंद आहे," ते म्हणाले. "नाही, संप नाही. जागा नाही." मग अंगठ्याकडे बघत, स्वतःहूनच म्हणाले, "दोर तुटायला आलाय, साहेब." तेही राहिलं. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा हात लावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा झाला.

संध्याकाळच्या आत नवा दोर आला. युनूसभाईनं आधी पोतं उतरवलं आणि मग जुना दोर सोडायला हात लावला, तर तो शेवयांसारखा त्याच्या मुठीत आला. त्यानं तो खाली आणून टेबलावर ठेवला. सगळ्यांनी बघितला. हिराक्कानं मालनचा हात घट्ट धरला होता.

नवा दोर कप्पीवर बसला तशी वाक्यं सैल पडायला लागली. दोर काही आता तुटायला आलेला नव्हता, त्यामुळे त्यांना वर राहायला कारणच उरलं नाही. ती मऊ होऊन अलगद खाली आली, वाळत घातलेल्या धोतरासारखी. ज्यानं त्यानं आपापलं ओळखून उचललं, झटकलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. बबनचं थोडं करपलं होतं. मालननं आपलं चार हाती वाक्य घरी नेलं. त्याची गोधडी चांगली होईल, असं तिच्या सासूचं मत पडलं.

एकच वाक्य खाली आलं नाही. हिराक्काचं. दोर बदलला, कप्पी बदलली, दिवाळीत हॉलला रंग दिला, तरी 'मालन खरं बोलली' चार फुटांवर होतं तसंच आहे. डांगेसाहेबांनी ते हटवायचा प्रस्ताव ठेवला नाही. त्यांनी त्याची सामानाच्या रजिस्टरमध्ये नोंद केली, नग एक, स्थिती उत्तम, आणि रोज सकाळी ते त्याखालनं जातात. साहेबांची उंची सहा फूट, त्यामुळे त्यांना पार कमरेतनं वाकावं लागतं.