बारा लूम, एक दिवस

लेकीचं, तानीचं, गणित मेघालीने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा तिचा हेतू अगदी साधा होता. दोन मिनिटांत उत्तर यावं आणि वालाच्या भाजीला फोडणी पडावी. (भाजी त्या दिवशी रात्री साडेनऊला झाली.)

गणित असं: ‘एका यंत्रमागावर तासाला पाच मीटर कापड विणले जाते. तर बारा यंत्रमागांवर एका दिवसात किती मीटर कापड तयार होईल?’

मेघाली बी.ए., तेही फर्स्ट क्लास. पण एक दिवस म्हणजे चोवीस तास, की माणसाच्या कामाचा दिवस? इथे ती अडली, आणि अडून चालणार नव्हतं. पालकसभेत बाईंनी तानीला शनिवारच्या जादा तासाला बसवा असं सुचवलं, तेव्हा मेघाली चारचौघांत बोलून गेली होती, “गरज नाही, गणित मीच घेते.” आता एक जरी चुकलं तरी तानीचा शनिवार जाणार, आणि मेघालीला शाळेच्या फाटकातून मान खाली घालून यावं लागणार.

“आई, माझं झालंय,” तानी म्हणाली.

मेघालीने वही बघितली. प्रश्नापुढे एकच शब्द: गुणाकार.

“गुणाकार तर मलापण कळतोय गं. पण कितीचा?”

तानीने खांदे उडवले आणि टीव्ही लावला.

कामतघरसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत लूमचा प्रश्न विचारणं म्हणजे कोळीवाड्यात जाळ्याचा विचारणं. फोन थरथरायला लागला.

तळमजल्यावरचे तुळशीरामकाका पस्तीस वर्षं लूमवर होते. त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला, “सूनबाई, शिफ्ट बारा तासांची असते. सातशेवीस. यात इचारण्यासारखं काय हाय?”

“काका, कायद्याने आठ तास,” दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीने लिहिलं. “चारशेऐंशी.”

“कायदा कधी लूमवर आलाय का?”

मागच्या कारखान्यात कामाला जाणारे इरफानभाई हिंदीत उतरले. “भाभी, धागे की कांडी बदलने का टाइम काटा क्या? धागा टूटेगा वो अलग. छेसौ पकड़ के चलो.”

“आणि शुक्रवार असेल तर?” वैशालीने विचारलं. “शुक्रवारी लूम बंद. उत्तर शून्य.”

मेघालीने चोवीस तास धरून स्वतः काढलेलं चौदाशेचाळीस हळूच पुसलं. मग पुन्हा लिहिलं. मग गोदामात ड्युटीवर असलेल्या नवऱ्याला, दीपेशला, फोन लावला.

“अहो, लूम दिवसभर चालतात का?”

“कोणाचे? आपण लूम घेतोय? मला न्हाय सांगितलं.”

तिने फोन ठेवला. एव्हाना ग्रुपवर तुळशीरामकाका आणि वैशाली एकमेकांची उणीदुणी काढत होते. शेवटी मेघालीने मधला मार्ग शोधला. ‘गुणाकार’च्या खाली स्वतःच्या अक्षरात तिने सगळंच लिहिलं: चोवीस तास धरल्यास इतके, एक शिफ्ट धरल्यास इतके, आठ तास धरल्यास इतके, कांडी बदलण्याचा वेळ वजा जाता अंदाजे इतके, शुक्रवार असल्यास शून्य. भरून पावणेदोन पानं झाली. (परीक्षेतसुद्धा तिने कधी पुरवणी घेतली नव्हती.)

दुसऱ्या दिवशी वही परत आली. ‘गुणाकार’ या शब्दापुढे लाल पेनाने मोठं बरोबर. खालच्या पावणेदोन पानांवर तिरकी रेघ, आणि शेजारी शेरा: ‘हे कोणी विचारले होते? पुस्तकातील सूचना वाचावी. पालकांची सही आणावी.’

मेघालीने पुस्तक उघडलं. पानाच्या अगदी वर जाड अक्षरांत छापलं होतं: ‘खालील उदाहरणे सोडवू नका. कोणती क्रिया कराल तेवढेच लिहा.’

संध्याकाळी दीपेश घरी आला, तशी ती वही घेऊन समोर उभी राहिली. शेऱ्यावर अंगठा घट्ट दाबलेला.

“इथे सही करा पटकन.”

“तूच कर की. गणित तू घेतेस ना?”

“माझी नाही चालणार.”

“अंगठा काढ बघू. काय हाय खाली?”

मेघालीने अंगठा आणखी घट्ट दाबला. तानीला तिची दया आली.

“बाबा, ओरडू नको तिला,” ती म्हणाली. “पहिलीच वेळ आहे तिची.”