रस्तापारखी हौसाबाई आणि लबाड हिरव्या खुणेची बखर

श्री. वेशीवरल्या देवीस नमन. जाणारा आणि येणारा तीस सारखाच, आणि गेलेला निरोप पोचला की नाही हे तीस कोणास पुसावे लागत नाही. तिचे स्मरण करोन हा मजकूर लिहिला आहे. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सर, एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे.

त्या राज्याची राजधानी सपाटीस, आणि दीडशे गावे डोंगरात. डोंगरातील रयतेस ताप येवो, साप चावो, बाळंतीण अडो, राजधानीस कळेना, आणि कळे तो उपाय उरत नसे. म्हणोन सरकारांनी हुकूम केला की मोबाइलात चालेल ऐसे एक अ‍ॅप रचावे, त्यास ‘निरोप’ नाव द्यावे, आणि रयतेने त्यात दोन ओळी लिहिल्या की त्या दवाखान्यास आणि ज्याच्या त्याच्या आप्तास पोचाव्या. ते काम बाबदेवराव कारभारी यांजकडे आले, आणि कारभाऱ्यांनी माणसे नेमली, कोणी अक्षरांस, कोणी रंगांस, आणि रस्ता पारखण्यास हौसाबाई नेमली. रस्ता पारखणे म्हणजे काय, तर निरोप निघण्यापूर्वी मोबाइलास पुसावे की तुजपाशी रस्ता कोणता, वायफायचा की टॉवरचा की कोणताच नाही, आणि असेल तो चालू की बंद. मोबाइल म्हणे चालू, की अ‍ॅपने निरोप रवाना करोन हिरवी खूण दाखवावी. म्हणे बंद, की लाल. हौसाबाई या कामी बहुत जाणती, आणि जाणती होण्यास कारण तिचा बाप.

बाप रखमाजी, टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षे लाइनमन. हौसाबाई सात-आठ वर्षांची असता सुट्टीच्या दिवशी बापामागे तारेच्या वाटेने चाले. पुढे रखमाजी, खांद्यास दोर आणि कमरेस पक्कड, आणि मागे ही, हाती भाकरीचे फडके. खांबावर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या, आणि खांबास कान लाविला की आत गुणगुण ऐकू येई, आणि पोर पुसे, “तात्या, ह्यातनं माणसं बोलत्यात?” आणि रखमाजी म्हणे, “वारा बोलतोय, येडे. माणसं बोलत्यात का न्हाई ते अजून बघायचंय.” मग तो तुटली तार जोडोन, चाचणीचा फोन लावोन एक्स्चेंजात बोले, आणि पलीकडून बाई म्हणे, “ऐकू येतंय रखमाजी, ठेवा.” दुसरा लाइनमन असता तर येथेच हत्यारे आवरता. रखमाजी म्हणे, “आता तुमच्याकडनं उलटी रिंग मारा.” ऐसे म्हणोन फोन ठेवी आणि खांबाखाली बैसे, आणि उलटी रिंग वाजल्याखेरीज भाकरीचे फडके सोडू देत नसे. कधी रिंग लागलीच वाजे, कधी बाई चहास जाई आणि घटकाभर खोळंबा होई, आणि पोर भुकेने रडकुंडीस येई. मग वाजली की तो म्हणे, “घे, तू उचल.” आणि ती उचली, आणि पलीकडची बाई म्हणे, “कोण, हौसा का? जेव आता, ऊन झालंय.” पुढे राजधानीत काचेआडून ऊन पाहिले की हौसाबाईस तो आवाज आठवे, आणि त्या बाईस तिने जन्मात कधी पाहिले नव्हते.

मग काळ फिरला आणि तारा गेल्या, आणि खांब लोकांनी गोठ्यांस लाविले, आणि रखमाजी नोकरीतून मोकळा होवोन बोरखिंड गावी राहिला. बायको आधीच वारली होती. घर पंचायतीस लागोन, आणि पंचायतीच्या भिंतीवर वायफायचा डबा, त्याचा रस्ता रखमाजीच्या ओसरीपर्यंत पोचे. टॉवर मात्र गावात लागत नसे. फोनवर बोलावयाचे तर जेथे टॉवर लागे त्या वरल्या खिंडीत चढावे लागे, आणि ती चढण खडी.

ज्येष्ठमासी हौसाबाईने अ‍ॅप नवे असता तपासणीस म्हणोन आधी बापाच्या मोबाइलात घातले. आठ दिवसांनी रखमाजीने खिंडीत चढोन फोन केला. म्हणाला, “हौसे, तुझी हिरवी बत्ती लबाड हाय.”

“काय झालं, तात्या?”

“डब्यामागची तार मी उपसून ठेवली.”

“पंचायतीची तार उपसली? तुम्ही?”

“लावली की परत. ग्रामसेवक जेवायला गेलेला. तेवढ्यात तुला निरोप लिहिला, चांगली शिवी लिहिली. हिरवं झालं. मिळाली का शिवी?”

“नाही.”

“मग?”

“अहो, मोबाइल डब्याला जोडलेला होता. म्हणून तो म्हणाला, वायफाय आहे, चालू आहे.”

“मोबाइल डब्याला जोडलाय. डबा कुणाला जोडलाय? तू दाराला विचारतीस, आणि दार उघडं दिसलं की वाट हाय म्हणतीस. उलटी रिंग घे. पलीकडनं हुंकार आल्याबिगर हिरवं करू नगंस.”

“तात्या, त्यात वेळ जातो. आता लोक थांबत नाहीत.”

“तू थांबायचीस की. उपाशी थांबायचीस.”

“मी लहान होते. दुसरं काय करणार होते?”

यावर फोन बंद जाहला, आणि तो रखमाजीने ठेवला की आपोआप तुटला हे कळले नाही. हौसाबाईने कारभाऱ्यांपाशी गोष्ट काढली, आणि कारभारी म्हणाले, “बाई, सरकारांस हिरवे आवडते, आणि ते लौकर आवडते,” आणि तिनेही पुढे ताणले नाही. बाप आणि लेक एका हट्टाची. दोन अडीच मास दोहोंकडून जेमतेम खुशालीचे दोन शब्द जात, आणि भाद्रपदात तेही थांबले.

मग आश्विनमासी अवेळी पाऊस जाहला आणि दरड पडली, आणि डब्यामागची तार मातीखाली तुटली. डबा भिंतीवर लुकलुकत राहिला. त्याच दिवशी रखमाजीस ताप भरला. त्याने मोबाइलात लिहिले, “ताप आहे. जमलं तर ये.” हिरवी खूण जाहली. दुसरे दिवशी लिहिले, “डॉक्टर घेऊन ये.” हिरवी जाहली. तिसरे दिवशी लिहिले, “ये.” तीही हिरवी जाहली. दवाखान्यास काही कळले नाही आणि हौसाबाईस काही कळले नाही. ती मनी म्हणे, तात्या अजून रागात आहेत, आणि आपणही रागात राहिली. शेजारीण धोंडाबाई म्हातारी पेज करोन पाजी. तिसरे दिवशी दुपारी तीच निसरड्या वाटेने खिंडीत चढली आणि फोन लाविला. हौसाबाई डॉक्टरास घेवोन तैसीच निघाली, दरडीवरोन पायी आली, आणि पोचली तो दिवस उजाडला होता आणि रखमाजी पहाटेच गेला होता.

दहावे-तेरावे जाहल्यावर तिने बापाचा मोबाइल उघडिला, आणि तीन निरोप आणि तीन हिरव्या खुणा पाहिल्या. खुणा तिच्याच हातच्या. मग तिच्या मनी एकच गोष्ट बैसली की तात्यांनी तीनदा हिरवे पाहिले आणि वाट पाहिली, आणि जाते समयी काय समजोन गेले. लेकीस कळले आणि लेक आली नाही, ऐसेच की नाही. बत्ती लबाड हे त्यांस ठाऊक, परंतु तापात ते ध्यानी राहिले की नाही कोण जाणे. हे तिने कोणास बोलोन दाखविले नाही. राजधानीस परतली, आणि सुतक सरताच कामास बैसली, आणि अ‍ॅप पुन्हा रचले ऐसे की मोबाइल काहीही म्हणो, वायफाय म्हणो की टॉवर म्हणो, निरोप राजधानीच्या यंत्रास पोचोन तेथून हुंकार परत आल्यावाचून हिरवे होणे नाही. तोवर पिवळे, आणि दहा क्षणांत हुंकार न आला तर लाल, आणि खाली अक्षरे, की निरोप गेला नाही, दुसरा रस्ता धरावा.

मार्गशीर्षात सरकार दीडशे गावांच्या खुणा दाखविणारा नकाशा पाहावयास येणार ऐसे ठरले, आणि आदले दिवशी कारभाऱ्यांनी दरबारात नकाशा लाविला, आणि पाहतात तो एकसष्ट गावे लाल.

“हौसाबाई, हे काय? परवा सगळा नकाशा हिरवागार होता!”

“परवाही लालच होता, कारभारी. आपण विचारत नव्हतो.”

“सरकार म्हणतील, काम पुढं गेलं की मागं आलं?”

“सांगा, माझ्या हातानं बिघडलं होतं.”

“बाई, तुमचं दुःख आम्ही जाणतो. पण दुःखाच्या भरात राज्याचं काम करू नये.”

“माझ्या दुःखाचं राहू द्या. एकसष्ट गावं आहेत. त्यांत तुमची सासुरवाडी आहे.”

कारभाऱ्यांनी नकाशावर बोट फिरवोन ते गाव शोधिले, आणि म्हणाले, “तरीच चार महिने सासरेबुवा गप्प आहेत. मला वाटलं, देवानं बुद्धी दिली.” दरबारात हशा पिकला, आणि कारभारीही हसले, आणि मग हसू आवरोन म्हणाले, “राहू द्या लाल. सरकारांस मी सांगतो.” दुसरे दिवशी त्यांनी सांगितले, आणि सरकारांनी बोल लाविला तो त्यांनी आपणावर घेतला, आणि लाल गावांस तारा आणि टॉवर देण्याचा हुकूम पदरी पाडोन घेतला. लोकांनी हौसाबाईस शाबासकी दिली. तिच्या मनीचे मात्र तैसेच राहिले; ज्यास पुसावे तो माणूस उरला नव्हता.

वर्ष लोटले. शके १९४५, शोभकृत नाम संवत्सर, आश्विनमासी वर्षश्राद्धास हौसाबाई बोरखिंडीस आली. पाने उठली, भटजी गेले, आणि धोंडाबाई मागील दारी भांडी घासत बैसली. वर्षभरात हौसाबाई जेव्हा जेव्हा गावी आली तेव्हा ही म्हातारी तिची नजर चुकवीत असे. हौसाबाई तिजपाशी जावोन राख-चोथा घेवोन बैसली, तेव्हा धोंडाबाई मान वर न करिता म्हणाली, “हौसा, एक सांगू? तुला तोंड दाखवायची लाज वाटती मला.”

“का गं मावशे?”

“तिसऱ्या दिवशी मी तुझ्यावर लई बोलले. तुझ्या बापाच्या तोंडावर बोलले. म्हणलं, तीनदा निरोप गेला, तीनदा हिरवं झालं, लेक दरबारात खुर्चीवर बसलीया, तिला कशाला बाप आठवतोय.”

हौसाबाईच्या हातचे पातेले तैसेच राहिले. तिने पुसले, “मग? तात्या काय म्हणाले?”

“हसला. तापानं फणफणलेला, तरी हसला बघ. म्हणला, धोंडाबाय, निरोप पोचला असता तर ती आली असती. आली न्हाई, म्हंजी तार तुटलीया. बत्तीला काय कळतंय? तू खिंडीत चढ. म्हणून तर चढले मी. न्हाईतर ह्या गुडघ्यांनी चढले असते व्हय?”

हौसाबाईने पातेले खाली ठेविले, आणि राखेचे हात तैसेच तोंडास लाविले, आणि वर्षभराचे रडली. धोंडाबाई म्हणाली, “रड बाई,” आणि उरली भांडी आपण घासली.

एवंच वर्तमान. एकसष्ट गावांपैकी तेहेतीस गावांस रस्ता जाहला. अठ्ठावीस अद्याप लाल आहेत, आणि तेथील रयत लाल पाहोन खिंडीत चढते, आणि निरोप पोचतो. बोरखिंडीची तार रखमाजी लाइनमनाने अंथरुणावर पडोन तपासिली, आणि ती तुटली आहे हे बरोबर ओळखिले. खात्याच्या दप्तरी याची नोंद नाही, म्हणोन येथे केली.