वजनाला पक्की खारफुटी

अहवालाचं तिसरं पान वाचून ताई मटकन खुर्चीत बसली. वर्षभर गुडघाभर चिखल तुडवून तिने सात जातींच्या खारफुटीची पानं गोळा केली होती. जनुकांवरून कोण कोणाचं किती जवळचं आणि कोणाच्या पानांत अँटिऑक्सिडंट किती, हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध द्यायला उरले होते वीस दिवस. आणि जनुकं तपासणारे कळवत होते, की सातव्या नमुन्यात पालक आहे.

"पालक म्हणजे? भाजीचा?" तिने फोनवर विचारलं.

"हो मॅडम. आम्हालाही खरं वाटेना. तीनदा तपासला. पालकच."

आता आली का पंचाईत! याच सातव्या नमुन्याचे आकडे पाहून सरांनी सगळ्या विभागासमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. ताईने डोकं खाजवलं. मग आठवलं. प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडला तेव्हा चार दिवस पिशव्या घरच्या फ्रिजमध्ये होत्या. आणि घरात होते तिचे वडील, अप्पा. एका कारखान्याचं गोदाम बत्तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेले.

"अप्पा, माझ्या पिशव्यांना हात लावलात?"

"लावला की," अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "वर चिठ्ठी दोनशे ग्रॅमची आणि आत माल एकशे साठ! काट्यावर तोलून बघितला मी."

"अहो, पानं सुकतात! पाणी उडून जातं त्यातलं!"

"ते तू मला नको सांगूस. माल कमी भरला की ठपका कोणावर? तुझ्यावर. पालकाची जुडी खालीच होती, चाळीस ग्रॅम टाकला. हिरव्यात हिरवं, कोण बघतंय?"

हसावं की रडावं, ताईला कळेना. तिने सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"जाऊ दे," सर म्हणाले. "सातवा काढून टाक. आपलं खरं घबाड तीन आणि पाचमध्ये आहे. एक झाड, एक झुडूप, आणि जनुकं बघावीत तर सख्ख्या बहिणी! हे आजवर कोणी दाखवलेलं नाही. प्रबंध त्यावरच उभा करू."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने चहा केला, एक कप अप्पांपुढे ठेवला. अप्पा बिचारे हिरमुसून बसले होते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "पण ते तेवढंच हं. बाकी सहांत बाहेरचं एक पान घातलं असेल तर शपथ."

"म्हणजे त्यांचं वजन बरोबर होतं ना?"

"छे! तीन नंबर तर निम्मा भरला. पण पाचची पिशवी तू चिठ्ठीपेक्षा जास्त भरली होतीस. त्यातलं काढलं आणि तीनमध्ये घातलं. घरातल्या घरात."

ताईने कप खाली ठेवला. फोन उचलला, परत ठेवला. मग दाराशी जाऊन चिखलाचे बूट पायात चढवले.

"आत्ता कुठे निघालीस?"

"पानं आणायला. तीन नंबरची."

अप्पा लगबगीने उठले. "थांब, मी पण येतो," ते म्हणाले. "काटा बरोबर घेऊ ना?"