नऊ वर्षांचा म्हातारा

महदिया शहराच्या नगरपालिकेतला संगणक वृद्धापकाळाने मंदावला आहे, याची शासनाने रीतसर दखल घेतली होती. खिडकीवर तशी पाटीही टांगली होती. पाटीखाली हज्जा वसीला सकाळपासून ठाण मांडून होत्या. दुपारी नात दोर्राचं लग्न, आणि तिच्या जन्मदाखल्यावाचून लग्न लिहिणारे दोघे अदूल लेखणीला हात लावत नाहीत.

"काय रे लमजद, अजून पडद्यावरचं ते चाक फिरतंयच?"

"वय झालंय हो हज्जा त्याचं. नऊ वर्षं," कारकून लमजद हळहळला.

"नऊ? माझं खेचर बावीस वर्षांचं आहे. ऑलिव्हच्या गोण्या वाहतं, वर मला लाथ मारायलाही त्याच्यात दम उरतो. तुझ्या ह्या यंत्राच्या पाठीवर काय लादलंय ते सांग!"

लमजदने अदबीने सांगितलं. आधी दाखल्यांचा प्रोग्राम तेवढा होता. संगणक जरा अडखळला, म्हणून वेग वाढवणारा प्रोग्राम आला. तो काम करतो का, हे बघायला दुसरा. मग व्हायरस पकडायला दोन पहारेकरी प्रोग्राम ठेवले. ते दिवसभर एकमेकांचीच झडती घेतात. आणि संगणक का मंदावला याचा अहवाल राजधानीला धाडणारा एक. तो लिहायला बसला की बाकी सगळं ठप्प.

"मग हाकल की मेल्यांना!"

"कुणाला हाकलू? वेगवाला मंत्रालयाचा. पहारेकऱ्यांतला एक जुन्या साहेबांचा, एक नव्या साहेबांचा. रुसवे कोण काढणार?"

"साहेबांना घाबरून माणसांना ताटकळवता होय? माझ्या घरात असं चालतं का बघ!"

तेवढ्यात नवा संगणक आला. जुन्याचा हार घालून निरोप समारंभ झाला. मग नव्यावर सगळे प्रोग्राम सेवाज्येष्ठतेनुसार चढवायचं ठरलं. दाखल्यांचा सर्वांत ज्येष्ठ, तो पहिला चढला, आणि हज्जांनी पुढच्याच्या वाटेत काठी आडवी घातली.

"आधी माझा दाखला!"

डोळ्याचं पातं लवायच्या आत दाखला बाहेर. हज्जा घराकडे निघेपर्यंत पहारेकरी चढले होते, आणि लमजद जुन्या पाटीवरची धूळ पुसून ती पुन्हा टांगत होता.

घरी दोन्ही अदूल वेळेवर हजर. पण आधी आत्याचा धूप. मग मामाची लांबलचक दुआ. मग सूसा शहरातून आलेल्या व्याह्यांना हवा म्हणून केक. केक कापताना मामी नव्हती, म्हणून पुन्हा केक. मग ढोलवाले, कारण ते थोरल्या जावेने आणलेले.

"आजी, अदूलांना दुसरं लग्न आहे, ते उठले!" दोर्रा रडकुंडीला आली. "एखादं तरी गाळ ना!"

"काय गाळू? आत्याला रुसवू, की मामीला?"

फाटक वाजलं. अदूल गेले. दोर्रा मेंदीचे हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. हज्जांनी दाखल्याची घडी केली आणि पाहुण्यांकडे वळून सुस्कारा सोडला.

"वय झालंय हो त्या दोघांचं. थांबायची ताकद नाही राहिली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे असता तर तुम्हीही मान डोलावली असती; ढोलानंतर तुमच्याच मावशीचा मान होता.