चार हजार खून आणि एक कुत्रा

पुस्तकं मिळवणं आणि पुस्तकं वाचणं या दोन स्वतंत्र विद्या असून एका आयुष्यात दोन्ही साधत नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावचे ऑर्व्हिल टॉलेफसन, काउंटीच्या रस्ते खात्यातून निवृत्त, यांनी पहिली विद्या निवडली आणि तिचं सोनं केलं.

रोज सकाळी सात वाजता कॉफी घेऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॅब्लेट उघडून बसत. सवलतीत मिळणाऱ्या ई-पुस्तकांची खबर देणाऱ्या सहा ईमेल-पत्रकांचे ते वर्गणीदार होते (वर्गणी फुकट). "दहा रहस्यकथांचा संच, नव्याण्णव सेंट, फक्त आज" असं दिसलं की त्यांचं बोट आपोआप पुढे होई. पूर्ण किमतीला मात्र काही घ्यायचं नाही, हा दंडक. एका बेकरीवाल्या गुप्तहेरबाईंच्या मालिकेतलं चौथं पुस्तक स्वस्त होण्याची ते सहा वर्षं वाट पाहत होते. (बाई तिसऱ्या पुस्तकाअखेर तळघरात कोंडल्या गेल्या, असं ऐकिवात आहे.)

अकरा वर्षांची कामगिरी अशी: पुस्तकं चार हजार दोनशे सोळा. पैकी मुखपृष्ठावर मांजर असलेली नऊशे दोन. 'संपूर्ण संच', 'सुवर्ण संच' आणि 'आता अधिक संपूर्ण संच' अशा नावांनी तीन-तीनदा घेतलेल्या मालिका, सतरा. प्रत्येकी किमान एक खून धरला तर खून चार हजारांवर. टॉलेफसन यांना माहीत असलेले खुनी, एक. (तोही कुणा चिडलेल्या वाचकानं अभिप्रायात फोडला म्हणून.)

मार्चमधल्या एका सोमवारी त्यांची पत्नी मार्लिस म्हणाली, "गुरुवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन. नंतर दोन दिवस नुसतं पडून राहायचंय. तुझ्या त्या डोंगरातून एक बरंसं पुस्तक काढून दे मला. फक्त त्यात कुत्रा मरायला नको."

त्यांचा कुत्रा गस ऑक्टोबरात गेला होता. त्याचा पट्टा अजून दाराशीच लटकत होता. टॉलेफसन यांचा ऊर भरून आला. त्यांच्या संग्रहाकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं.

मुखपृष्ठावर कुत्रा असलेली तीनशे बारा पुस्तकं त्यांनी वेगळी काढली. पण कुत्रा शेवटपर्यंत टिकतो की नाही, हे मुखपृष्ठावर छापत नाहीत. ते कळण्याचा एकच मार्ग होता, आणि तो त्यांना पूर्वी कधी सुचला नव्हता. मंगळवारी त्यांनी चक्क वाचायला घेतलं. अकराव्या पानावर टॅब्लेट टुणकन वाजला: "श्वानप्रेमींसाठी चौदा रहस्यकथा, फक्त आज." चौदा पुस्तकं वाढली म्हणजे कुत्रा जगण्याची शक्यताही वाढली, या तर्कात खोट काढता येणार नाही. बुधवार संध्याकाळपर्यंत अशा शक्यता चौऱ्याहत्तर झाल्या होत्या, आणि वाचन अकराव्या पानावरच होतं.

गुरुवारी इस्पितळात त्यांनी अख्खा टॅब्लेट तिच्या हातात ठेवला. "घे. हवं ते निवड."

"यातलं तू कोणतं वाचलंयस?"

एकतीस वर्षं सरकारी अहवाल लिहिलेल्या माणसालाही कधीतरी खरं बोलावं लागतं. "नावं वाचलीत," ते म्हणाले.

मार्लिसनं टॅब्लेट त्यांच्या हातात परत ठेवला. "अरे, मला वाटायचं तू वाचतोयस. म्हणून रोज सकाळी मी गप्प बसायचे. अकरा वर्षं."

तेवढ्यात नर्स आली आणि तिला आत घेऊन गेली.

टॉलेफसन यांना लाज वाटली. मग भीती वाटली, ती जास्त होती. बाहेरच्या खुर्चीत बसून त्यांनी टॅब्लेटचा आवाज बंद केला आणि बारावं पान उघडलं. चार तास मान वर केली नाही.

शुद्धीवर आल्यावर मार्लिसनं पहिला शब्द उच्चारला, "कुत्रा?"

"ठणठणीत आहे. शेवटच्या पानावर सॉसेज खातोय. आणि खुनी तो दंतवैद्य निघाला, तुला सांगतो, मला तर शंकासुद्धा..."

"गाढवा," मार्लिस म्हणाली, "आता मी वाचू काय?" मग डोळे मिटून म्हणाली, "बरं, बोल. पहिल्यापासून सांग."

उरलेली पुस्तकं रोज एक या वेगानं संपायला अकरा वर्षं नऊ महिने लागतील. टॉलेफसन त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. बेकरीवाल्या बाईंचं चौथं पुस्तक त्यांनी पूर्ण किमतीला घेतलं, असं समजतं.

वाचकांनी त्यांना हसायला हरकत नाही. त्याआधी दिवाळीत सवलतीत घेतलेल्या सहा अंकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली होती का, एवढं पाहून यावं. (प्रस्तुत लेखकानं अजून सोडलेली नाही.) आणि तुम्ही वाचताय अशा समजुतीनं घरात मघापासून कुणी गप्प बसलं असेल, तर त्यांना कळवावं की वाचून झालं.